सातवी लारी

रविवार, २४ नोव्हेंबर १९९६
नेरूळ

सकाळी खलील घरी आला. खलील म्हणजे आमच्या कंपनीत डिस्पॅच सांभाळतो तो. उरणचा. तुर्भ्याच्या कारखान्यात आम्ही दोघं साधारण एकाच वेळी लागलो. तो माल बाहेर पाठवतो, मी लॅबमध्ये तो तपासते. विजेच्या स्विचमध्ये चांदीचे छोटे ठिपके असतात, ते आम्ही बनवतो. चांदीशी माझं नातं तेवढंच. दागिन्यांची मला कधी हौस नव्हती.

तो एकटा नव्हता. बरोबर त्याची भावजय होती, नूरीन, आणि तिच्या खांद्यावर अगदी कोवळं बाळ. हिचा नवरा, म्हणजे खलीलचा धाकटा भाऊ तबरेज, मस्कतला नोकरीला आहे. बाळाला बघून माझ्या नवऱ्याने, अरविंदने, आपणहून पंखा बंद केला आणि पेपर घेऊन गॅलरीत गेला.

खलीलने रुमाल काढून टीपॉयवर उघडला. आत एक जाडसर चांदीची तार, मधोमध वाकवून दोन्ही टोकं शेजारी शेजारी आणलेली. करंगळीएवढी लांब. वरून ठोकून जराशी चपटी केलेली, आणि त्या चपट्या भागावर काहीतरी उमटवलेलं.

"हा काय, केसातला आकडा?" मी विचारलं.

"नाणं आहे मॅडम. लारी म्हणतात आमच्यात. घराण्यातल्या आहेत, अशा सात."

मला हसूच आलं होतं, पण त्याचा चेहरा बघून दाबलं. मग त्याने सांगितलं ते असं. या लाऱ्या त्याच्या आईकडे, साबिराबींकडे, एका थैलीत असतात. घरात सून आली की तिच्या हातात एक ठेवायची, 'ही तुझी' म्हणून. आणि बाळ झालं की छठीला, म्हणजे सहाव्या दिवशी, सातही चिंचेच्या पाण्यात धुऊन, त्या पाण्याचा हात बाळाच्या कपाळाला लावायचा. नूरीनला मुलगी झाली. छठीला सगळ्या धुतल्या. सहा लखलखल्या. नूरीनची सातवी तांबडी निघाली.

"अम्मा म्हणते, ही आमची नाहीच. इतक्या छठ्या केल्या, कधी लाल झाली नाही. म्हणजे…" खलील थांबला.

"म्हणजे मी खरी विकली आणि खोटी आणून ठेवली," नूरीनने वाक्य पुरं केलं. "सरळ बोला ना भाई."

तिच्या आवाजात राग नव्हता. रडणंही नव्हतं. तिने लारी उचलून माझ्याच हातात दिली. "तुमच्याकडेच ठेवा मॅडम. तपासून होईपर्यंत कोणाला देऊ नका. अम्मांनी जशी दिली तशीच आहे. पोटुशी होते तेव्हा म्हणाल्या, दंडाला बांध. बांधली. बाळ होईपर्यंत काढली नाही."

ती गेल्यावर अरविंद म्हणाला, "पोरगी स्वच्छ वाटते." मला तसं वाटलं नाही. निर्दोष माणूस जरा तरी चिडतो, हातपाय आपटतो. ही फारच शांत होती. खटकलं म्हणून लिहून ठेवते.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत लारी तपासली. आधी हवेत तोलली, मग दोऱ्याला टांगून पाण्यात तोलली. चांदी पाण्याच्या साडेदहापट जड. ही नऊच्या जरा वर. तेवढ्यावरच कळलं होतं, तरी तांबड्या जागेवर आम्लाचा थेंब टाकला. हिरवा झाला. आत तांबं, वर चांदीचं कातडं.

खलील ट्रक भरून घेत होता. मी बाजूला बोलावून सांगितलं.

"खोटी आहे. तांब्यावर मुलामा."

"पक्कं मॅडम?"

"रिपोर्ट हवा तर सहीनिशी देते. मुलामा काय, कुठल्याही गल्लीत करून मिळतो."

त्याने मान हलवली आणि परत ट्रककडे गेला. पेट्या मोजताना दोनदा चुकला. वाईट वाटलं, पण मला विचारलं ते मी सांगितलं. धातू कोणाची भीड ठेवत नाही, म्हणूनच मला हे काम आवडतं.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

नूरीन घर सोडून गेली. तळोज्याला, भावाकडे.

खलीलने घरी माझं उत्तर सांगितलं. साबिराबी म्हणाल्या, ती खोटी वस्तू घरात परत आणू नको. नूरीन दाराआड ऐकत होती. तिने भावाला निरोप धाडला, संध्याकाळी बाळ घेऊन निघून गेली.

"जाताना काही म्हणाली?"

"म्हणाली, मॅडमनी लारी खोटी म्हटली, मला चोर नाही म्हटलं." खलील माझ्याकडे बघत नव्हता. "आणि म्हणाली, तबरेजला फोनवर काय सांगायचं ते तुम्हीच सांगा."

दिवसभर ते वाक्य डोक्यात होतं. पण लारी खोटी आहे म्हणजे कोणीतरी बदललीच असणार ना? दुसरा अर्थ काय निघतो?

लारी माझ्या ड्रॉवरमध्येच आहे, काचेच्या बशीत.

रविवार, १ डिसेंबर

वाशीला केयूरभाईंकडे गेले. जुन्या नाण्यांचा त्यांना नाद आहे; अरविंदच्या बँकेतले हे ओळखीचे. खलीलकडून एक चांगली लारी मागून घेतली होती. खोटी तर होतीच. खरी लारी म्हणजे नक्की काय हे तरी कळावं, एवढाच हेतू.

खरी लारी त्यांनी तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिली. मग बायकोला हाक मारून म्हणाले, "अगं, दिवा लाव इकडचा."

"मॅडम, तुम्हाला माहीत आहे हे काय आहे?" ते म्हणाले. "इराणात लार नावाचं गाव आहे. तिथलं हे नाव. होर्मुझ, मस्कत, चौल, दाभोळ, गोवा, खाली पार सिलोनपर्यंत, या समुद्रावर कुठेही उतरा, ही तार चालायची. घोडे घ्या, मिरी घ्या, खजूर घ्या. ही आदिलशाही आहे. तीनशेच्या वर वर्षं झाली असतील."

मी मस्कत या शब्दापाशी अडकले. तबरेज आज जिथे एअरकंडिशनर दुरुस्त करतो, तिथेच ही तार कुणाच्या तरी कमरेच्या बटव्यात गेली असेल.

त्यांनी भिंग दिलं. चपट्या भागावर नुसत्या रेघा होत्या: एक वळण, दोन ठिपके, एका अक्षराचं पोट.

"हे अर्धवटच आहे," मी म्हटलं.

"सगळ्या तशाच असतात. ठसा मोठा, तार बारीक. तार ठशाखाली जशी पडेल तसा तुकडा उमटतो. कुणावर डोकं येतं, कुणावर शेपूट. पूर्ण मजकूर एका लारीवर कधीच मिळत नाही."

राजाचं नाव गावोगाव फिरतंय, पण कुणाच्याच हातात ते पुरं नाही.

मग मी खोटी दाखवली. त्यांनी तांबडी जागा पाहिली आणि लगेच माझ्याकडे सरकवली. "हिच्यात काय बघायचं? फेकून द्या. खोट्याला कोण विचारतो."

येताना भिंग त्यांनी आग्रहाने बरोबर दिलं. खरी लारी उद्या खलीलला परत द्यायची.

बुधवार, ११ डिसेंबर

नीट लिहायचा प्रयत्न करते.

भट्टीवरून आज एक लॉट परत आला. तांब्यावर बसवलेली चांदी कडेला सुटत होती. अशा वेळी मी तुकडा मायक्रोस्कोपखाली धरून दोन्ही धातूंची जोड बघते. आमचं सगळं कसब त्या जोडीत आहे. चांदी आणि तांबं एकमेकांना चिकटवून तापवलं की एका ठरावीक उष्णतेला दोघांच्या मधला केसाएवढा थर आधी वितळतो. त्या क्षणी थांबलं तर दोन्ही एकजीव होतात. त्याच्या अलीकडे थांबलं तर सुटतात, पलीकडे गेलं तर सगळंच ओघळतं.

वाईट तुकडा बघून झाला. ड्रॉवर उघडला तर बशीत लारी. म्हटलं, बघू या, गल्लीतला मुलामा कसा दिसतो.

तो मुलामा नव्हताच.

मुलामा विजेवर चढवतात, तो सगळीकडे सारखा बसतो, खाचाखोचांत दाणेदार दिसतो. इथे चांदीचा पातळ पत्रा होता, तांब्याच्या तारेभोवती गुंडाळलेला. तारेच्या आतल्या बाजूला, जिकडे कोणी बघणार नाही, तिकडे त्याची शिवण होती. सरळ, न तुटलेली. आणि जोड? आमच्या भट्टीवर काटा आहे, वायू आहे, धोक्याची घंटा आहे, आणि तरी आज लॉट परत आला. ही लारी करणाऱ्याकडे कोळसा, फुंकणी आणि स्वतःचे डोळे. त्याने तो नेमका क्षण पकडला होता. पत्रा झिजून झिजून कांद्याच्या पापुद्र्याएवढा राहिला होता, पण जोड कुठेही सुटली नव्हती.

मी स्टूलवरून उठले, पाणी प्यायले, परत बसले.

मग ती खाच दिसली. वाकलेल्या जागेजवळ एक काळी रेघ आहे, मी ती मळाची समजले होते. तो छिन्नीचा घाव निघाला. चांदीचं कातडं आत दुमडलेलं, खाली उघडं तांबं. त्या तांब्यावर गडद लाल थर, आणि लालावर हिरवे स्फटिक. नवीन हिरवं पावडरीसारखं असतं, सुईने खरवडलं की निघतं. हे सुईला दाद देईनात. काचेसारखे, एकातून एक फुटलेले, काही तर चांदीच्या कडेवर चढून बसलेले. लाल थर तांब्यात खोल उतरलेला. तेजाबाने एका दुपारी हे होत नाही. दहा-वीस वर्षांतही नाही. पिढ्या लागतात.

म्हणजे घाव जुना. घावाच्या आधीची चांदी त्याहून जुनी. लारी खोटी आहे, पण ती त्याच काळातली खोटी आहे. त्या सहांच्याच वयाची.

आणि कोणीतरी तेव्हाच ती तपासली होती. कुणाला तरी संशय आला, त्याने छिन्नी लावली, तांबं पाहिलं. माझ्या आधी, याच प्रश्नासाठी, याच तुकड्यावर वाकून. मी त्याच्या मागच्या रांगेत उभी आहे असं वाटलं.

हे सगळं बघताना मी नूरीनला साफ विसरले होते. लॅबमधून निघताना जिन्यावर आठवली. दंडाला बांध म्हणाल्या, बांधली. सहा लाऱ्या थैलीत पडून होत्या. ही एकटी महिनोन्‌महिने घामात, कपड्याखाली घासत राहिली. म्हणून हिची चांदी संपली. म्हणून चिंचेने हिचंच तांबं उघडं पडलं.

खलीलने मला विचारलं होतं, खरी का खोटी. मी तेवढंच सांगितलं. कधीची खोटी, हे ना त्याने विचारलं ना माझ्या मनात आलं. वर ते गल्लीचं वाक्य माझंच.

गुरुवार, १२ डिसेंबर

खलीलला लॅबमध्ये बोलावून मायक्रोस्कोपला डोळा लावायला लावला. हिरव्या स्फटिकांवर उजेड पडला होता.

"सुभानल्ला," तो म्हणाला. "हे काय आहे मॅडम? बाग आहे."

मी समजावून सांगितलं. त्याने मध्येच हात वर केला. "थांबा. म्हणजे नूरीनने…?"

"नूरीनच्या पणजीचाही जन्म झाला नव्हता तेव्हापासून ही खोटी आहे."

तो खुर्चीवर बसला. दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "हे अम्माला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर म्हणेल, भावजयीची बाजू घेतो."

"मी येते. माझंही काम आहे ते."

रविवार, २२ डिसेंबर

उरणला जाऊन आले. गव्हाण फाट्यापासून कंटेनरच्या गाड्यांची रांग, बस मुंगीसारखी सरकत होती. मांडीवर पर्स, पर्समध्ये बशी, बशीत लारी. लग्नाचे दागिने घेऊनही मी इतकी जपून बसले नव्हते.

साबिराबी ओटीवर बसल्या होत्या. बारीक, ताठ, पांढरी ओढणी डोक्यावरून घट्ट घेतलेली. एका डोळ्यात मोतीबिंदू स्पष्ट दिसतो. "ये बाय, बस," म्हणाल्या, पण मला कळलं की मी आलेली त्यांना नको होती. माझ्या उत्तरानेच त्यांचं घर फुटलं होतं. आता ही बया आणखी काय घेऊन आली, असंच त्यांना वाटलं असणार.

मी आधी काही सांगितलं नाही. म्हटलं, थैली द्या. पांढऱ्या कापडावर सहा लाऱ्या मांडल्या. केयूरभाईंनी सांगितलेलं डोक्यात होतं. एकीवर वळणाचं डोकं, दुसरीवर त्याची शेपटी. वर सरकव, खाली सरकव, एक उलटी कर. खलील उर्दू वाचतो. तो भिंग घेऊन माझ्या शेजारी गुडघ्यावर बसला. सुरुवातीला नुसता हं हं करत होता.

मग बोट न टेकवता, हवेतच रेघेवरून फिरवत म्हणाला, "ऐन… लाम… आणि इथे हे 'ये' अक्षर. अली." आणखी दोन लाऱ्या मी जवळ आणल्या. "आदिल. अम्मा, अली आदिल आहे हे. आणि हे, हे शाह."

बाहेर कोंबड्या कलकलत होत्या. इतक्या पिढ्या हे नाव या घरात थैलीत तुकड्या-तुकड्यांनी झोपलं होतं, आणि त्या दुपारी पहिल्यांदा कोणीतरी ते सलग वाचलं.

मग मी सातवी ठेवली. ती कुठेच जुळेना. खलीलने बराच वेळ पाहिलं.

"मॅडम, यात अक्षरच नाही. वळणं तशीच आहेत, ठिपके आहेत, पण लिहिलेलं काहीच नाही. ज्याने केलं त्याला वाचता येत नव्हतं. बघून बघून काढलंय."

"माज्या हातात दे," साबिराबी म्हणाल्या.

त्यांनी लारी डोळ्यांजवळ नेली नाही. अंगठा तिच्यावरून फिरवला, दोनदा, तीनदा.

"माज्या सहीसारका," त्या म्हणाल्या.

मला कळलं नाही. खलीलने सांगितलं, बंदरासाठी जमीन गेली तेव्हा सगळ्या बायकांनी अंगठे दिले. अम्मा अडून बसली, अंगठा देणार नाही. मग त्याने पाटीवर तिचं नाव काढून दिलं आणि तिने ते गिरवून गिरवून बसवलं. वाचता आजही येत नाही.

"सायेब बोल्ला, सही बरोबर हाय," साबिराबी म्हणाल्या. "मना अक्सर एक येत नवता. मंग ती सही खोटी काय गो बाय?"

मी भिंगातून घाव दाखवला, लाल थर दाखवला, हिरवे स्फटिक दाखवले. किती दिसलं कोण जाणे. त्या सगळं ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "जुनी हाय, तर इतकी वर्सं लाल का नाय झाली?"

"बाकीच्या थैलीत होत्या. ही नूरीनने दंडाला बांधली. घामाने, घासून चांदी गेली."

त्यांचा अंगठा थांबला.

"मीच बोल्ले बांद म्हनून," त्या म्हणाल्या.

खलील म्हणाला, "अम्मा, मी उद्या जाऊन आणतो तिला."

"तू नको. चोर मी बोल्ले, मीच जानार. रमजानचा चाँद दिसायच्या आदी." मग माझ्याकडे वळून, "तू येशील बाय? मना ह्या लाल-हिरव्याचा नीट सांगता येनार नाय."

आतून खलीलची बायको हळूच म्हणाली, अम्मा उरणच्या बाहेर गेल्याला कितीतरी वर्षं झाली.

रविवार, ५ जानेवारी १९९७

आज तळोज्याला गेलो. साबिराबी, खलील आणि मी. पनवेलला बस बदलायची होती, तिथल्या गर्दीत साबिराबींनी माझा हात धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. हाडं चिमणीसारखी, पकड सुताराची.

नूरीनच्या भावाचं घर मशिदीमागच्या गल्लीत. भाऊ दारात उभा राहिला, या म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. शेजारच्या दोन बायका कठड्यावरून डोकावत होत्या. खलीलने दार लोटायला हात पुढे केला तर साबिराबी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे उगडा. आयकू देत."

मग उभ्यानेच, खुर्ची दिली ती बाजूला सारून म्हणाल्या, "माजी सून चोर नाय. मी तिला चोर बोल्ले. माज्या डोल्यांना दिसला नाय, आनी मी मानसात बोल्ले. आता मानसात सांगते. ही बाय सांगल तुमाला, तिनं मशीनात बगलाय."

मी सांगितलं. इतक्या वाईट रीतीने मी कधीच काही समजावून सांगितलं नसेल. गल्लीवाल्या मुलाम्याचं वाक्य माझं होतं आणि ते चुकीचं होतं, हेही सांगितलं. नूरीन आतल्या दाराला टेकून उभी होती. तोंडावर तीच शांतता. आता मला ती निराळी दिसली. ज्याला आपलं खरं माहीत आहे त्याला ओरडावं लागत नाही, एवढंच होतं ते. मी धातूंच्या बाहेर कच्ची आहे.

साबिराबींनी कनवटीची गाठ सोडली. "ही माजी लारी. माज्या लग्नातली. ही तू घे, आनी ती खोटी मना दे. मी म्हातारी, मना काय फरक पडतो."

नूरीनने ती घेतली नाही. तिने माझ्याकडून बशी घेतली, भिंग मागितलं आणि खिडकीशी नेऊन सातवी लारी बघत राहिली. कितीतरी वेळ. बाळ आत कुरकुरलं तरी तिने मान वळवली नाही.

"हा घाव," ती म्हणाली. "ज्याने मारला त्याला तेव्हाच कळलं ना, ही खोटी आहे?"

"हो. तांबं दिसलंच असणार."

"मग टाकली का नाही? इतकी वर्षं खऱ्या लाऱ्यांत का ठेवली?"

प्रश्न बरोबर होता. गेले कित्येक दिवस माझ्याही मनात होता. मी म्हटलं, वितळवून तांबं वापरायला हरकत नव्हती, फेकून द्यायलाही हरकत नव्हती. का ठेवली याचा पुरावा धातूत सापडत नाही. मला माहीत नाही.

"त्यात काय म्हाईत नसायचा?" साबिराबी म्हणाल्या. त्या अजून उभ्याच होत्या. "घरात आली ना ती? घरात आली ती घरची झाली. तिला कोन भाईर टाकल?"

मला हे उत्तर काही पटलं नाही. खोटं नाणं व्यवहारात आलं तर माणूस आधी ते दुसऱ्याच्या गळ्यात मारतो, सगळीकडे हेच घडतं. मी तसं म्हणणारही होते, पण नूरीनने बशी माझ्या हातात दिली, लारी मुठीत घेतली आणि आत निघून गेली. पडदा पडला.

आम्ही थांबून राहिलो. तिच्या भावाने कपात चहा ओतला, कोणी घेतला नाही. मला वाटलं, रागावली. म्हातारीने विषय कुठल्या कुठे नेला, तिला माफीचे चार शब्द नीट हवे असणार. साबिराबींच्या हातातली खरी लारी तशीच पुढे धरलेली होती. खलील जमिनीकडे बघत होता. आत कपाटाचं दार वाजलं, मग बराच वेळ काही नाही.

नूरीन बाहेर आली तेव्हा तिने बुरखा चढवलेला होता. एका खांद्यावर बाळ, दुसऱ्या हातात फुगलेली बॅग. बाळाच्या इवल्याशा दंडाला काळ्या दोऱ्यात सातवी लारी बांधलेली, तांबडी बाजू वर.

तिने सासूच्या हातातली लारी तिच्याच मुठीत मिटवली.

"चला अम्मा," म्हणाली, "बस चुकेल."